आधी जागा, मग चूल

मंडळी, घरातली चूल कुठे मांडायची, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ते आपल्या आजीने, पणजीने ठरवून ठेवले आहे. पण गावजेवण निघाले म्हणजे घरची चूल पुरत नाही. सप्ताहाचा काला असतो, लग्न असते, जत्रेचा भंडारा असतो. मग उघड्यावर मोठी चूल मांडावी लागते. तिला कोणी चुलाण म्हणतात, कोणी चुलवण म्हणतात. जमीन खणून केली तर नुसते ‘चर’ म्हणतात.

आपल्या नाशिक-नगर भागात अशी जेवणे पुष्कळ होतात. गोदावरीच्या पात्रात सराला बेट आहे. तेथील गंगागिरी महाराजांचा सप्ताह श्रावणात भरतो. गावोगावच्या बाया भाकरी भाजून पाठवतात आणि आमटी मोठमोठ्या कढयांत जागेवर शिजते. एवढा मोठा स्वयंपाक आपल्या गावी नसतो. तरी दोन-तीन पातेली चढतातच.

अशा वेळी आपण काय करतो? आचारी ठरवतो, किराणा आणतो, लाकूड फोडतो. आणि चूल कुठे मांडायची? ते सकाळी उठून ठरवतो. येथेच चूक होते.

माझी चूक

मी निफाड तालुक्यातल्या एका गावी शाळेवर होतो, तेव्हाची गोष्ट. चैत्रातली जत्रा होती. सकाळी सात वाजता गावची मंडळी आली.

“गुरुजी, चर कुठं खणायचा?”

मी म्हणालो, “शाळेमागं खणा. विहीर जवळ आहे. चिंचेची सावली आहे.”

त्या वेळी झाडाचे पानही हलत नव्हते. मी वारा पाहिला नाही. पूर्वेला चाळीस पावलांवर कडब्याच्या दोन गंजी होत्या. त्या मला दिसल्या, पण मनात काही आले नाही.

दुपारी एकच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुटला. आमटीला उकळी लवकर यावी म्हणून कोणी तरी चरात तुराट्यांचा भारा घातला. भडका उडाला. ठिणग्या वाऱ्यावर गेल्या. बघता बघता दोन्ही गंजी पेटल्या. माणसे हंडे, बादल्या घेऊन धावली. पण विहिरीतून पाणी ओढायला वेळ लागतो. आग तेवढा वेळ देत नाही.

माणूस कोणी दगावला नाही. पण एका घरची वर्षाची वैरण गेली. त्या घरची म्हातारी आजी मला एवढेच म्हणाली, “गुरुजी, जनावरांनी आता काय खायचं?”

गावाने थोड्या थोड्या पेंढ्या दिल्या. त्या किती दिवस पुरणार? वैशाखात त्या घरची बैलजोडी बाजारात गेली. जागा मी दाखवली होती. मला कोणी वावगे बोलले नाही. पण त्या आजीचा प्रश्न मी अजून विसरलो नाही.

मंडळी, ठिणगी लहान असते. नुकसान लहान नसते. तामिळनाडूत कुंभकोणम नावाचे शहर आहे. तेथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला आग लागली. मुलांचे दुपारचे जेवण शिजवण्याच्या जागेतून ती निघाली. वर झावळ्यांचे छप्पर होते. छप्पर पेटले आणि ९४ मुले मेली. चूल आणि छप्पर जवळ जवळ होते, म्हणून एवढा अनर्थ झाला.

पुढच्या साली काय केले

पुढच्या साली जत्रेच्या आठ दिवस आधीच आम्ही पारावर बसलो. सरपंच होते, आचारी मामा होते, ज्यांची वैरण गेली ते तात्याही होते. मी म्हणालो, “या खेपेला आधी जागा, मग चूल.”

तात्या म्हणाले, “वारा कुठून येतो ते मी बघतो. मला तो चांगला ठाऊक झाला आहे.”

तात्यांनी बांबूला फडके बांधले आणि उघड्या रानात उभे केले. चार दिवस त्यांनी ते तीन वेळा पाहिले. रात्री साक्षरतेच्या वर्गात येत होते, म्हणून वहीत स्वतःच्या हाताने लिहिले:

सकाळ – वारा नाही.
दुपार – पश्चिमेकडून, जोराचा.
संध्याकाळ – पश्चिमेकडून, थोडा.

चारही दिवस असेच निघाले. आपल्या भागात बहुधा असेच असते. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. थंडीत पुष्कळदा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. पण डोंगर, घरे, झाडे यांमुळे वारा वळतो. म्हणून आपल्या गावचा वारा आपणच पाहावा.

जागा कशी निवडली

वहीतले वाचून आम्ही गावाच्या पूर्वेची पडीक जमीन धरली. पश्चिमेचा वारा आला तर धूर आणि ठिणग्या गावापासून दूर जाणार. जमीन गावठाणाची होती, म्हणून ग्रामपंचायतीची परवानगी घेतली. मग पुढील गोष्टी एकेक करून पाहिल्या.

१. गंजी, गोठा, गवती छप्पर किंवा मांडव शंभर फुटांच्या आत नको. वारा जिकडे जातो, त्या बाजूला तर मुळीच नको.

२. डोक्यावर विजेची तार नको. झाडाची फांदीही नको. सावली हवीशी वाटते, पण झाडाची पाने पेटतात आणि मुळे भाजून झाड मरते.

३. जमिनीखाली नळाची पाइप गेली आहे का, ते विचारून घ्यावे. मगच कुदळ मारावी.

४. जागा खोलगट नको. पाऊस आला तर चरात पाणी भरते.

५. पाणी जवळ हवे, पण खरकटे पाणी विहिरीकडे वाहता कामा नये. त्यासाठी शोषखड्डा करावा. तो विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या बाजूला असावा.

६. जेवणाच्या पंगती वाऱ्याच्या बाजूला बसवाव्यात. म्हणजे धूर डोळ्यांत जात नाही.

मोजमाप

आचारी मामा म्हणाले, “गुरुजी, हिशेब तुम्ही करा. पातेलं मी मोजून देतो.”

पातेल्याचे बूड अडीच फूट रुंद होते. चराची रुंदी त्याहून एक फूट कमी धरली, म्हणजे दीड फूट. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट टेकण मिळाले. चराची खोलीही दीड फूट ठेवली.

लांबी किती? पातेली तीन. अडीच गुणिले तीन म्हणजे साडेसात फूट. पातेल्यांच्या मध्ये अर्ध्या फुटाच्या दोन फटी, म्हणजे एक फूट. लाकूड सारायला तोंड दोन फूट. एकूण साडेदहा फूट झाले. त्या फटींतून धूर बाहेर पडतो. फटी बुजवल्या तर जाळ कोंडतो.

चराचे तोंड पश्चिमेला ठेवले. लाकूड सारणारा वाऱ्याकडे पाठ करून बसतो. जाळ त्याच्या अंगावर न येता पुढे जातो. वारा फार झाला तर तोंडापुढे पत्रा आडवा उभा करावा.

जमीन कशी तयार केली

निफाडची जमीन काळी. काळी जमीन पिकाला चांगली, चुलीला वाईट. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. चराचा काठ ढासळतो. पाण्याचे वजन लिटरला एक किलो असते. शंभर लिटर आमटी म्हणजे क्विंटलभर वजन झाले. काठ ढासळला तर उकळती आमटी माणसाच्या पायावर येते.

म्हणून त्या वर्षी काठाला विटा लावल्या. पुढे दोन वर्षांनी गावाने श्रमदान करून पक्के चुलाण बांधले. पंधरा फूट लांब आणि दहा फूट रुंद जागेतली काळी माती दोन फूट खोल काढली. तेथे मुरूम भरला. किती लागला? पंधरा गुणिले दहा गुणिले दोन म्हणजे तीनशे घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे तीन ब्रास. मुरूम दाबून बसतो, म्हणून पाव हिस्सा जास्त मागवला. पावणेचार ब्रास आणला.

सगळा मुरूम एकदम ओतला नाही. अर्ध्या फुटाचा थर पसरला, पाणी मारले, धुमसाने ठोकला. मग दुसरा थर. असे चार थर केले. वरची जमीन शोषखड्ड्याकडे थोडी उतरती ठेवली. दहा फुटांना दोन बोटे उतार पुरतो.

चराच्या आतून भाजलेल्या विटा लावल्या. जोडायला सिमेंट घेतले नाही; आगीने ते तडकते. भुसा घालून मळलेली माती वापरली. ती तडकली तरी बाई-माणूस हाताने लिंपून घेते. नदीतले गोटे कुणी चुलीला लावू नयेत. त्यांत मुरलेले पाणी तापले की गोटा फुटतो आणि कपची डोळ्यात उडते.

जेवणाच्या दिवशी

आदल्या दिवशी चुलाणाभोवती बारा फूट जागा झाडून काढली. पाचोळा, काड्या राहू दिल्या नाहीत. लाकडाचा ढीग तोंडाजवळ न ठेवता वाऱ्याच्या बाजूला लांब ठेवला. पाण्याने भरलेली दोन पिंपे, चार बादल्या आणि मातीचा ढीग जवळ ठेवला. तुराट्या, काड्या, प्लास्टिक, टायर चुलीत घालायचे नाहीत, असे ठरवले.

मग ती आजी काठी टेकत आली. सगळे पाहून म्हणाली, “सगळं बरं केलं. पण पोरं कुठं थांबायची?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. ते कोणालाच सुचले नव्हते. लगेच बांबू रोवून चारी बाजूंना दोरी बांधली. दोरीच्या आत लेकरू नाही, असा नियम केला. वाढपी एका बाजूने आत येणार आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाणार. गरम आमटी नेताना कोणाला धक्का लागायला नको. चुलीजवळच्या बायांनी पदर खोचावा, सुती लुगडे नेसावे. नायलॉनचे कापड पेट घेते आणि वितळून अंगाला चिकटते.

जेवण झाले म्हणजे काम संपले असे नाही. वरून राख पांढरी दिसते, पण आत निखारा असतो. रात्री लेकरू त्यात पाय घालते. म्हणून चरात पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे. वाफ निघणे थांबले तरच विझले असे समजावे. कच्चा चर असेल तर त्याच दिवशी मातीने बुजवावा. पक्क्यावर पत्रा झाकावा.

भाजले तर

एवढे करूनही कोणी भाजले, तर घाबरू नये. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नये. पळाल्याने आग वाढते. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. दुसऱ्याने घोंगडी टाकून आग दाबावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी ओतत राहावे. बांगड्या, अंगठी लगेच काढावी. मागून सूज येते. हळद, तूप, शाई, दंतमंजन, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापड सैल झाकावे आणि दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर फिरवावा.

मंडळी, त्या वर्षी दुपारी वारा सुटला. फडके पूर्वेकडे फडफडू लागले. धूर पडीक रानावरून निघून गेला. तात्या चराच्या तोंडाशी बसून लाकूड सारत होते. मध्येच ते मागे वळून गावाकडे पाहत. गावाकडे काही नव्हते; गंजी जागच्या जागी उभ्या होत्या.

चूल पेटवायला एक काडी लागते. जागा ठरवायला चार दिवस लागतात. ते चार दिवस आधी काढा.

शब्दांचे अर्थ

टेकण – भांडे टेकण्याची जागा
धुमस – जमीन ठोकून घट्ट करण्याचे अवजार
ब्रास – शंभर घनफुटांचे माप
शोषखड्डा – सांडपाणी जमिनीत मुरवण्याचा खड्डा
नैऋत्य – दक्षिण व पश्चिम यांच्या मधली दिशा
ईशान्य – उत्तर व पूर्व यांच्या मधली दिशा

उत्तरे द्या

१. गुरुजींनी जागा दाखवताना कोणत्या दोन गोष्टी पाहिल्या? कोणत्या पाहिल्या नाहीत?
२. चराचे तोंड पश्चिमेला का ठेवले?
३. काळ्या जमिनीत मुरूम का भरावा लागतो?
४. पातेल्याचे बूड तीन फूट असेल, तर चराची रुंदी किती ठेवाल? चार पातेल्यांसाठी लांबी किती होईल?

करून पाहा

बांबूला फडके बांधा. चार दिवस सकाळी, दुपारी, संध्याकाळी वारा पाहा आणि वहीत लिहा. मग आपल्या गावात चुलाणाची जागा कुठे असावी, ते वर्गात सर्वांना वाचून दाखवा.