लागट बोलण्याविषयी

चि. ऋजुता,

पुण्यातली माणसं तिरकस बोलतात की तूच फार मनाला लावून घेतेस, असं तू विचारलं आहेस. मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत, कारण दोन्हींत दोष कुणाच्या तरी स्वभावाच्या माथी मारलेला आहे. बोलणं लागतं तेव्हा बहुतेक वेळा दोघांनी आपापसातल्या नात्याचा केलेला अंदाज जुळलेला नसतो. हा अंदाज नुसत्या शब्दांतून कळत नाही. तो स्वरातून, क्रियापदाच्या रूपातून, ‘जरा’ किंवा ‘ना’ असण्या-नसण्यातून बाहेर पडतो. बोलणाऱ्याला तो ऐकू येत नाही, ऐकणाऱ्याला मात्र लख्ख ऐकू येतो.

जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञाने 1982 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरच्या उपाहारगृहाची हकिगत दिली आहे. (हेच गंपर्झ आपल्या सांगलीशेजारच्या कुपवाडला मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्यांची भाषा अभ्यासायला आले होते.) उपाहारगृहात नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका उर्मट आहेत, अशी तिथे जेवणाऱ्या कामगारांची तक्रार होती. उलट आपल्याला मुद्दाम तुच्छतेने वागवलं जातं, असं त्या बायकांना वाटत होतं. संवाद ध्वनिमुद्रित केले, तेव्हा सापडलं ते एवढंच: ताटात मांस वाढताना ‘ग्रेव्ही हवी का’ हे विचारायला इंग्रज बाई ‘ग्रेव्ही?’ असा एकच शब्द सूर चढवून म्हणायची, आणि आपल्याकडची बाई तोच शब्द सूर उतरवून म्हणायची. तिच्या दृष्टीने तोही प्रश्नच होता. इंग्रज कानाला मात्र तो ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या’ असा ऐकू येत होता. ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर त्या बायका आधी म्हणाल्या, आम्हीही तेच तर म्हणतोय! फरक समजावून दिल्यावर मात्र लोक आपल्याशी असे का वागतात याचा त्यांना उलगडा झाला. एका शब्दाच्या उताराने माणसाच्या स्वभावावर शिक्का बसला होता, आणि तो बसवणाऱ्यांपैकी कुणालाही स्वराचं कारण सांगता आलं नसतं.

तिथे निदान भाषा वेगळी होती, असं तू म्हणशील. पण मराठीच्या आतही हेच चालतं. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी 1978 साली असं मांडलं की, बोलणं किती मऊ करायचं हे माणूस तीन गोष्टींवरून ठरवतो: समोरच्याशी अंतर किती, कुणाचा अधिकार मोठा आणि आपण मागतोय त्याचं ओझं किती. आता नागपूरकडचा सहकारी ‘ती फाईल देऊन दे’ म्हणतो तेव्हा त्याने अंतर कमी धरलेलं असतं, आणि सदाशिव पेठेतल्या कानाला तो हुकूम वाटतो. उलट पुण्याची बाई ‘आपण हे एकदा बघून घेतलंत तर बरं होईल’ म्हणते. तिने रीतीप्रमाणे अंतर राखलेलं असतं, पण तुला तो टोमणा वाटतो. अतिनम्रता लागते ती याचमुळे. आईने भात वाढल्यावर ‘आभारी आहे’ म्हणून बघ, काय होतं ते. मेसेजमध्ये तर सूर ऐकूच येत नाही. 2005 साली जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की, आपला उपरोध वाचणाऱ्याला सुमारे 78 टक्के वेळा ओळखू येईल. प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळाच ओळखला गेला, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा थोडंच बरं.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. सगळे अपमान गैरसमजच ठरवले, तर मुद्दाम अपमान करणाऱ्याला पळवाट मिळते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वरच्या जातीतल्या पोराने दलित म्हाताऱ्याला ‘अरे-तुरे’ केलं, तिथे कुणाचाही गैरसमज झालेला नव्हता. नात्याचा अंदाज दोघांनाही नेमका ठाऊक होता, आणि तोच अपमान होता. मग आपुलकीचा एकेरीपणा आणि हिणवणारा एकेरीपणा वेगळे ओळखायचे कसे? रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 साली युरोपीय भाषांतल्या सर्वनामांवर लिहिताना जो भेद केला, तो इथे कामी येतो. दोन्ही बाजूंनी चालणारा ‘तू’ सलगी दाखवतो आणि एकाच बाजूने चालणारा ‘तू’ सत्ता. आईला आपण ‘तू’ म्हणतो, तीही म्हणते. साहेब तुला ‘अगं’ म्हणतात आणि तू त्यांना ‘अरे’ म्हणू शकत नाहीस, तर तिथे वय आहे, हुद्दा आहे, कदाचित आणखीही काही आहे. तेच साहेब तुझ्याच वयाच्या मुलांना ‘अहो’ म्हणत असतील, तर मग संशयाचा फायदा द्यायचं काही कारण नाही.

दुसरा आक्षेप तुझ्या पिढीचा: एवढे हिशेब कशाला, मनात असेल ते सरळ बोलावं, बाकी सारं ढोंग. मला तो लटका वाटतो. ‘मी स्पष्टवक्ता आहे’ म्हणणारे गृहस्थ वरिष्ठांपुढे सहसा इतके स्पष्ट नसतात. सरळ बोलण्याची ही मुभा किती जणांना आहे, ते बघ. ती ज्याला जास्त, सांभाळून बोलण्याचा भारही त्यानेच जास्त उचलायला हवा. तुझ्या इमारतीचा वॉचमन तुझ्या बाबांच्या वयाचा असेल, तर ‘अहो काका’ची सुरुवात तू करायची, त्याने नाही.

ऑफिसात पुन्हा काही लागलं, तर त्या माणसाच्या हेतूवर बोट ठेवू नकोस. ‘तुम्ही उद्धट आहात’ म्हटलं की तो हेतूचा बचाव करत बसतो, आणि हेतू कुणालाच सिद्ध करता येत नाही. रूपाबद्दल बोल: ‘मीटिंगमध्ये मला अगं म्हणू नका, अवघडल्यासारखं होतं.’ हे एकटं गाठून, तोंडी सांगायचं, मेसेजवर नाही. ज्याला खरंच ठाऊक नव्हतं तो थोडा ओशाळेल आणि बदलेल. सांगूनही जो तसंच म्हणत राहील, त्याच्याबद्दल मग तू काय ठरवायचं ते खुशाल ठरव.

तुझी,
आत्या