मटण सोडल्यावर दुधाचे काय?

चि. भाचीस,

मांस आणि दूध हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत धरले जाते. मांसासाठी जीव जातो, दुधासाठी जात नाही, हा त्यामागचा हिशेब. पण जनावराला होणारा त्रास हेच मांस सोडण्याचे कारण असेल, तर हा हिशेब गोठ्यात जाऊन तपासावा लागतो.

गाय किंवा म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. गाय नऊ महिन्यांहून थोडी अधिक, म्हैस दहा महिन्यांहून अधिक गाभण राहते. दूध चालू राहायचे तर तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावे लागते, आणि होणाऱ्या वासरांत साधारण निम्मे नर असतात. शेतीला बैल लागत होता तोवर गोऱ्ह्याला किंमत होती. ट्रॅक्टर आला आणि ती घसरली. नर रेडकाला ती फारशी कधी नव्हतीच. 2015 पासून राज्यात गाईप्रमाणे बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हशीला ती लागू नाही. त्यामुळे भाकड म्हैस कत्तलखान्याच्या वाटेला लागते आणि भाकड गाय गोशाळेत, रस्त्यावर किंवा चोरवाटेने आणखी कुठे. जगात सर्वांत जास्त दूध भारतात होते, आणि म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांतही भारत आहे. दोन्ही एकाच दावणीहून निघते. कौतुकाने वाटला जाणारा खरवससुद्धा वासराच्या वाट्याच्या चिकाचाच.

तेव्हा मटण सोडून पनीर वाढवले, तर नीतीचे गणित जुळत नाही.

या बाबतीत गांधीजींची फजिती बोलकी आहे. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी आपले मित्र कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. त्यामागे संयमाचा विचार होता, तसाच दुधासाठी गाईम्हशींच्या होणाऱ्या छळाचाही. 1918 च्या मोठ्या आजारपणानंतर प्रकृती सावरेना, तेव्हा व्रत गाईम्हशीच्या दुधाचे आहे, शेळीच्या दुधाला काय हरकत, असे कस्तुरबांनी सुचवले. गांधीजींनी ते घेतले. व्रताचे अक्षर पाळले, आशय मोडला, ही सल त्यांनी आत्मकथेत लपवलेली नाही. आजारपणात निर्धाराचे काय करायचे, हे आधी ठरवून ठेवलेले बरे.

शरीराची बाजू थोडक्यात सांगता येते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधापेक्षा जास्त. तीळ, डाळी, उसळी, शेंगदाणे सोबतीला आहेतच. ब-12 जीवनसत्त्व मात्र भाजीभाकरीतून मिळत नाही. दूधही सोडणाऱ्याला डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावीच लागते. इथे हट्ट उपयोगाचा नाही.

घरातली अडचण याहून नाजूक. महाराष्ट्रात ताटाला जात चिकटलेली आहे. मांस सोडणाऱ्याने सोवळेपणाचा आव आणला, की जनावराचा मुद्दा मागे पडतो आणि माणसाचा अपमान पुढे येतो. माळकऱ्यांची रीत याबाबत शहाणी: रविवारी घर मटण खाते, माळ घातलेल्या म्हाताऱ्याचे कालवण वेगळ्या भांड्यात शिजते, आणि कोणी कोणाचे ताट मोजत नाही.

सगळे एका दिवसात सोडणे जमत नसेल, तर सुरुवात मटणापासून व्हावी, असेही नाही. पिंजऱ्यातल्या कोंबडीला पंख पसरण्याइतकी जागा नसते, आणि ब्रॉयलर कोंबडी सहाव्या-सातव्या आठवड्यात कापली जाते. माळावर चरलेल्या बोकडाचे आयुष्य त्यापेक्षा कितीतरी मोकळे. एका बोकडात पंगत उठते. तेवढ्याच माणसांना कोंबड्या कितीतरी लागतात. त्रास हेच माप असेल, तर आधी कोंबडी आणि पिंजऱ्यातली अंडी, मग दूध, मग बाकीचे, हा क्रम अधिक खरा. लग्नाच्या पंगतीत बासुंदी आली, तर वाटीवर हात ठेवून नको म्हणावे. कारण कोणी विचारले तरच सांगावे.

— मावशी