समाजमाध्यमे आणि नोकरदाराचे स्वातंत्र्य

नोकरी स्वीकारणारी व्यक्ती आपला वेळ आणि श्रम मालकाला देते. आपली मते देत नाही. तथापि सेवेच्या नियमांचे बंधन तिच्यावर असते. मग फेसबुकसारख्या समाजमाध्यमांवर तिने किती मोकळेपणाने लिहावे?

त्रिपुरातील एका शासकीय महिला कर्मचाऱ्याला २०१८ मध्ये, निवृत्तीला अवघे काही दिवस उरले असताना, निलंबित करण्यात आले. राजकीय सभेला उपस्थिती आणि फेसबुकवरील मजकूर हे तिच्यावरील आरोप होते. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. शासकीय सेवेत असल्यामुळे भाषणस्वातंत्र्य संपत नाही. मात्र वर्तणूक नियमांची मर्यादा त्यास असते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम १९ मधून मिळते व ते मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येते. खाजगी नोकरीत नेमणूकपत्रातील अटी अधिक महत्त्वाच्या ठरतात. गोपनीय माहिती उघड करणे किंवा सहकाऱ्याची बदनामी करणे हे गैरवर्तन ठरू शकते. म्हणून सही करण्यापूर्वी अटी वाचाव्यात. आरोप झाल्यास तो लेखी मागावा व खुलासाही लेखीच द्यावा.

विचार करा : पगार उशिरा मिळाल्याची तक्रार समाजमाध्यमावर लिहिण्यापूर्वी तुम्ही कोणती पावले उचलाल?