एका कांडीची कुळकथा

मुलांनो, दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे डोकावून पाहण्याची सवय फार थोड्या जणांना असते. समोरची चित्रे पाहण्यात आपण इतके गढून जातो, की कोळिष्टके आणि तारांचा गुंता यांखेरीज तिकडे आणखी काही असेल, हे ध्यानीही येत नाही. परंतु आता अनेक घरांत त्या गुंत्यामध्ये एक काळी कांडी दडलेली असते. लांबीने ती हाताच्या बोटाएवढी, रुंदीने दोन बोटांएवढी आणि वजनाने मूठभर शेंगदाण्यांइतकी. कोणी तिला ‘स्टिक’ म्हणतात, कोणी ‘डोंगल’ म्हणतात. ती जोडली, की जो साधा संच काल केवळ ठरलेल्या वाहिन्या दाखवीत होता, तोच आज मागू तो चित्रपट, मागू ते नाटक, मागू तो धडा आपल्यापुढे मांडतो.

ही करामत कांडीची खरी. पण एकट्या कांडीची नव्हे. तिच्या पाठीशी कोण कोण उभे आहे, ते आज आपण पाहू.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबईचे केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या वेळची रीत गावातील दवंडीसारखी होती. दवंडी पिटणारा चव्हाट्यावर उभा राहून एकदाच ओरडतो. जे त्या वेळी हजर असतील त्यांनी ऐकावे, नसतील त्यांचे हुकले. मनोऱ्यावरून चित्रांच्या लहरी सर्व दिशांना सोडल्या जात आणि ज्याच्या घरावर अँटेना असे, तो त्या पकडी. वारा सुटून अँटेना हलली, की घरातील एकाने गच्चीवर जाऊन ती फिरवावी आणि दुसऱ्याने खालून ‘आले, आले, आता गेले!’ असे ओरडावे, हा त्या काळातील घरोघरचा खेळ होता. तुमच्या आजोबांना विचाराल, तर ते हसतील.

कांडीची रीत दवंडीची नसून टपालाची आहे. टपाल ज्याच्या त्याच्या नावाने येते. एकाच चाळीतील दहा बिऱ्हाडांना पोस्टमन दहा निरनिराळी पत्रे देतो, त्याप्रमाणे इंटरनेटवरून दहा घरांत एकाच वेळी दहा निरनिराळी चित्रे येऊ शकतात. कांडी पत्ता घालून मागणी करते. दूर कोठेतरी असलेला संगणक ती मागणी वाचतो आणि हवे ते धाडून देतो. म्हणूनच परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबालाही आपल्या दिवाणखान्यात बसून मराठी नाटक पाहता येते.

मात्र तीन तासांचे नाटक एका पाकिटात मावत नाही. ते तुकड्यातुकड्यांनी येते. एकेक तुकडा अवघ्या काही सेकंदांचा असतो. पहिले तुकडे पोहोचताच चित्र सुरू होते आणि मागून पुढचे येत राहतात. या ओघाने येण्यालाच ‘स्ट्रीमिंग’ असे नाव आहे. आपण त्याला चित्रप्रवाह म्हणू या.

प्रवाह म्हटला, की तो कधी भरून वाहणार, कधी आटणार. ज्या गावात नळाचे पाणी दिवसातून तासभरच येते, तेथील गृहिणी काय करते? पाणी येताच रांजण भरून ठेवते आणि मग दिवसभर त्यातून घेते. कांडीही तेच करते. पुढील काही क्षणांचे चित्र ती आपल्या स्मृतीत आगाऊ भरून ठेवते आणि त्यातून खर्च करीत जाते. मधेच ओघ क्षीण झाला, तरी रांजणात असेल तोवर पाहणाराला कळतही नाही. रांजण रिकामा झाला, म्हणजे मात्र पडद्यावर ते सर्वांना परिचित असलेले वर्तुळ गरगर फिरू लागते! असा प्रसंग टळावा म्हणून प्रत्येक तुकड्याच्या ठळक, मध्यम आणि पुसट अशा अनेक प्रती दूरच्या संगणकावर तयार ठेवलेल्या असतात. ओघ चांगला असेल, तर कांडी ठळक प्रत मागविते. मंदावला, की पुसट प्रतीवर भागविते. चित्र एकाएकी धूसर होऊन पुन्हा स्वच्छ झाले, तर संच बिघडला असे समजून त्यावर थापा मारू नयेत. कांडी त्या वेळी काटकसर करीत असते.

आता थोडे गणित करू. पडद्यावरील चित्र बारीक बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. स्वच्छ चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहिण्यास शून्य व एक यांपैकी २४ अंक लागतात. डोळ्यांना हालचाल सलग भासावी, म्हणून सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवावी लागतात. गुणाकार करून पाहा. सेकंदाला १२४ कोटी ४१ लाख ६० हजार अंक होतात! एवढा लोंढा घरोघरी नेऊ म्हटले, तर आपल्या साध्या जोडणीला तो पेलणार नाही. प्रत्यक्षात मात्र असे चित्र सेकंदाला पन्नास लाखांच्या आसपास अंकांत घरी पोहोचते. म्हणजे मूळ ओझ्याचा सुमारे अडीचशेवा भाग. उरलेले ओझे गेले कोठे?

याचे उत्तर शोधताना आपल्याला बंगळूर येथे १९४० साली जन्मलेल्या एका मुलाची ओळख करून घ्यावी लागते. त्याचे नाव नसीर अहमद. बंगळूरला अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करून ते अमेरिकेस गेले, १९६६ साली न्यू मेक्सिको विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली आणि पुढे कॅन्सास राज्य विद्यापीठात ते अध्यापन करू लागले. चित्रातील माहिती थोडक्यात कशी मांडावी, याविषयी त्यांच्या मनात एक गणिती कल्पना घोळत होती. तिच्या अभ्यासासाठी पैसे मिळावेत, म्हणून १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी दिसते, असा एका परीक्षकाचा शेरा होता. पुष्कळ वेळा सोप्या गोष्टीचे मोल विद्वानांनाच उशिरा कळते! अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या रीतीस ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ असे म्हणतात. नाव अवजड आहे. कल्पना तुम्हांला समजेल अशी आहे.

अंगणात रांगोळी काढणाऱ्या मुलीला प्रत्येक ठिपक्याची जागा सांगत बसावे लागत नाही. ‘सात ते एक ठिपके’ एवढे म्हटले, की ती समजते. कारण ठिपक्यांच्या चढउतारात एक नियम असतो. चित्रातही तसेच असते. निळ्या आकाशातील एका ठिपक्याशेजारचा ठिपका बहुधा निळाच असतो. म्हणून चित्राचे लहान लहान चौकोन पाडावयाचे, आणि प्रत्येक ठिपका लिहिण्याऐवजी त्या चौकोनात उजेड आणि छाया यांचा चढउतार संथ आहे की जलद, आणि तो किती, तेवढेच लिहावयाचे. डोळ्यांना जो अतिबारीक चढउतार जाणवतच नाही, तो सोडून द्यावयाचा. शिवाय एका चित्रामागून दुसरे चित्र येते तेव्हा बरेचसे तेच असते. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या मागची भिंत हलत नाही. हलतात ते त्यांचे ओठ. मग भिंत पुनःपुन्हा कशाला धाडावयाची? जे बदलले तेवढेच धाडावे. अहमद यांची युक्ती आणि तिच्याच नात्यातील इतर युक्त्या आज मोबाइलमधील छायाचित्रांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र वापरल्या जातात. जो अर्ज नाकारला गेला, त्यातील कल्पना आज जगातील बहुतेक पडद्यांवर राबते आहे.

तिकडून घड्या घालून आलेले हे चित्र इकडे उलगडणे, हे कांडीचे मुख्य काम होय. तिच्या पोटात एक छोटा संगणकच असतो. गणित करणारा प्रोसेसर, स्मृती आणि वायफायच्या लहरी पकडणारी अँटेना. तिला पडदा नाही, बॅटरीही नाही. तिच्या टोकाला जे चपटे तोंड असते, ते संचाच्या ‘एचडीएमआय’ नावाच्या खाचेत बसते. त्या जोडात १९ पिना असतात. चित्र आणि आवाज दोन्ही त्यांतूनच संचात जातात. या खाचेतून थोडी वीजही मिळते. पण ती इतकी अल्प असते, की साध्या कांडीचे तिच्यावर पोट भरत नाही. यास्तव तिला पाच व्होल्टची वेगळी तार लावावी लागते. काही कांड्यांसोबत खोक्यात वीतभर जादा तार मिळते. लोक ती निरुपयोगी समजून खणात टाकून देतात. वास्तविक कांडी संचाच्या पाठीला चिकटून राहिली, तर तिला धग लागते आणि वायफायच्या लहरीही अडतात. ती तार लावून कांडी जराशी बाजूस घेतली, की बहुधा दोन्ही तक्रारी मिटतात.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाइलवरील खूण दाबून आपण चित्र मोठ्या पडद्यावर ‘पाठवितो’, तेव्हा ते मोबाइलमधून उडून संचात शिरते, असे अनेकांस वाटते. बहुतेक वेळा तसे घडत नाही. मोबाइल कांडीला केवळ त्या चित्राचा पत्ता सांगतो. पुढे कांडी स्वतःच इंटरनेटवरून ते आणते. मोबाइल दुसऱ्या कामाला लावला, तरी चित्रपट खंडत नाही. मोबाइलचा अख्खा पडदाच जसाच्या तसा समोर उमटवावयाचा असेल, तेव्हाची रीत मात्र निराळी असते.

या कांडीचे घराणे फार जुने नाही. २००८ साली अमेरिकेत अँथनी वुड यांच्या ‘रोकू’ या कंपनीने ‘नेटफ्लिक्स’वरील चित्रपट दाखविणारी एक छोटी पेटी विकावयास आणली. त्यांची ही सहावी कंपनी. आणि जपानी भाषेत ‘रोकू’ म्हणजे सहा! जुलै २०१३ मध्ये ‘गूगल’ने ‘क्रोमकास्ट’ नावाची कांडी अवघ्या ३५ डॉलरना विकली. पुढील वर्षी ‘ॲमेझॉन’ची ‘फायर टीव्ही स्टिक’ अमेरिकेत आली आणि २०१७ मध्ये ती भारतातही मिळू लागली.

आज दुकानांत जे ‘स्मार्ट’ संच मिळतात, त्यांच्या पोटात हे सर्व आधीच बसविलेले असते. तरीही माझ्या मते वेगळी कांडी हीच अधिक शहाणपणाची सोय आहे. संचाचा पडदा दहा-बारा वर्षे सहज चालतो. पण त्याच्या पोटातील संगणक त्यापूर्वीच मागे पडतो. कांडी मागे पडली, तर ती तेवढी बदलता येते आणि चांगला चालणारा संच भंगारात जात नाही. ज्या जुन्या संचाला एचडीएमआयची खाच आहे, तो सुखाने नव्या काळात येतो.

खर्चाची बाजूही मुलांना ठाऊक असावी. सेकंदाला पन्नास लाख अंक, तर तासाला किती? आठ अंकांचा एक बाइट धरून हिशेब केला, तर २२५ कोटी बाइट, म्हणजे सुमारे सव्वादोन जीबी होतात. घरी मोजून-मापून डेटा वापरीत असाल, तर दोन चित्रपटांत महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडेल. शिवाय टपालाच्या रीतीत पत्ता लिहावाच लागतो. दवंडी कोणी ऐकली, हे दवंडीवाल्यास कळत नसे. कांडीने काय मागविले, किती वेळ पाहिले आणि कोठे सोडून दिले, याची नोंद मात्र चित्रे पुरविणारांकडे राहते. ‘तुम्हांला हेही आवडेल’ असे पडद्यावर येते, ते त्या नोंदीवरूनच.

ही कांडी आपल्या घरात असली, तरी ती किती दूरच्या हातांवर अवलंबून आहे, हे मार्च २०२५ मध्ये दिसून आले. २०१५ साली विक्रीस आलेल्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्ट कांड्या देशोदेशी एकाएकी चालेनाशा झाल्या. कोणाची तार तुटली नव्हती, की कोणाची कांडी जळाली नव्हती. झाले होते ते एवढेच: ‘मी खरीच क्रोमकास्ट आहे’ असे सांगण्यासाठी प्रत्येक कांडीजवळ एक गुप्त प्रमाणपत्र असते, त्या प्रमाणपत्राच्या पाठीशी असलेल्या एका शिक्क्याची दहा वर्षांची मुदत संपली होती. मुदत संपलेले ओळखपत्र दाखविणाऱ्या मनुष्यास पहारेकरी आत सोडीत नाही. चांगली धडधाकट यंत्रे त्याच न्यायाने दाराबाहेर थांबली. गूगलने क्रोमकास्ट बनविणेच २०२४ साली थांबविले होते. तरीही कंपनीने जबाबदारी टाळली नाही. आपली कांडी पुसून मूळ स्थितीत नेऊ नका, असे तिने लोकांना कळविले आणि काही दिवसांतच इंटरनेटवरून दुरुस्ती धाडली. ज्यांनी धीर धरला, त्यांच्या कांड्या आपोआप सुरू झाल्या. ज्यांनी घाईघाईने सर्व पुसून टाकले होते, त्यांना पुढच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली.

स्वाध्याय

दवंडी आणि टपाल या दृष्टान्तांनी लेखकाने कोणता भेद दाखविला आहे? रांजणाचे उदाहरण तुमच्या शब्दांत लिहा. ‘सोप्या गोष्टीचे मोल विद्वानांनाच उशिरा कळते’ हे वाक्य कोणत्या प्रसंगास अनुलक्षून आले आहे? दीड तासाचा चित्रपट पाहण्यास किती जीबी डेटा लागेल, ते पाठातील आकड्यांवरून काढा. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: कोळिष्टके, चव्हाटा, अवजड, धडधाकट. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारून, त्यांनी दूरचित्रवाणी प्रथम कोठे व कोणाकडे पाहिली, यावर दहा ओळी लिहा.