आउटबोर्ड मशीन सुरू होत नाही? भंगारात देण्यापूर्वी तपासा



नाशिककरांनी होडीचे मशीन पाहिले असेल तर ते गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर. पण रत्नागिरीकडील दालदी मुस्लिम मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जातात आणि लहान होडीवाल्याची रोजी आउटबोर्ड मशीनवरच अवलंबून असते. जून-जुलैची पावसाळी बंदी संपते, दोन महिने झाकून ठेवलेले मशीन बाहेर निघते आणि दोरी ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही. हंगामाचे दिवस वाया जाऊ लागले की माणूस घाईत निर्णय घेतो.

कोकणातील आमच्या एका नातलगाने असेच मशीन भंगाराच्या भावात देऊन टाकले. घेणाऱ्याने कार्बोरेटर धुतला आणि तिसऱ्या दिवशी तेच मशीन दुसऱ्या होडीवर चालू लागले. नातलगाच्या अंगावर मात्र नव्या मशीनचे हप्ते आले. कापडाचा ठाण उलगडून पाहिल्याशिवाय आपण सौदा करत नाही. मग मशीनचा सौदा न तपासता का करावा?

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : ठिणगी, इंधन आणि दाब. तपासणी क्रमाने करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणता होता ते कधीच कळत नाही.

प्रथम बिनखर्चाची तपासणी. किल स्विचची चकती जागेवर आहे का? गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडला का? इंधनाच्या नळीवरील रबरी फुगा दाबून घट्ट होतो का? फुगा मऊच राहिला तर नळी चिरली आहे, जोड सैल आहे किंवा फुग्यातील झडप निकामी आहे.

ठिणगी. प्लग काढून पाहा. ओला असेल तर इंधन पोहोचत आहे. कोरडा असेल तर इंधनाचा मार्ग अडला आहे. टाकी दूर ठेवा, सांडलेले पेट्रोल पुसा, प्लगच्या छिद्रावर कापड ठेवा. मग प्लग टोपीत बसवून त्याचे आटे इंजिनाच्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. टोपी उघड्या हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पकडीने धरा. निळी, जोरदार ठिणगी दिसली पाहिजे. नसेल तर आधी नवा प्लग लावा. तरीही नसेल तर किल स्विचची तार क्षणभर सोडून पाहा. ठिणगी आली तर दोष स्विचचा. तार पुन्हा जोडायला विसरू नका. त्यानंतर खाऱ्या हवेने गंजलेले जोड साफ करा. कॉइल बदलण्याचा खर्च सर्वात शेवटी.

इंधन. आज पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. म्हणून मागच्या हंगामाचे पेट्रोल काढून टाका. कार्बोरेटरची वाटी उघडून धुवा. जेट तारेने टोकरू नका, भोक मोठे होते. क्लीनर आणि हवेचा दाब वापरा. टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते : ५० ला १ हे प्रमाण असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. आपल्या मशीनच्या पुस्तिकेतील प्रमाणच पाळा.

रॉकेलवर चालणारे मशीन पेट्रोलवरच सुरू होते. बंद करण्याआधी काही मिनिटे पेट्रोलवर चालवले नाही तर कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरते आणि सकाळी मशीन हलत नाही. हा बिघाड नव्हे, सवयीची चूक आहे.

दाब. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून दोरी ओढा. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एकाचा फारच कमी आला तर रिंग किंवा सिलिंडर झिजले आहे. खरा हिशेब इथे सुरू होतो. सुटे भाग मिळतील का, याचीही चौकशी करा. एव्हिनरूड मशीनचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले आहे.

चाचणी घेताना मशीन पाण्याच्या पिंपात उभे करा. पाण्याविना थोडा वेळ चालवले तरी पंपाचे रबरी चाक जळते. हंगाम संपल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवा.

तपासून विकायचेच ठरले तर दोष सांगून विका. मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर ठेवण्यास त्यांनी विक्रेत्याला बजावले. मशीनचा दोषही असाच वर ठेवावा. घेणाऱ्यानेही विकणाऱ्याच्या अज्ञानाचा फायदा उठवू नये. अशा व्यवहारात पैसे थोडे कमी मिळतील, पण बरकत राहील, इन्शाअल्लाह.