गोष्टीतलं गाव का आवडतं?

प्रश्न : मी मेडशीत राहते. रात्री कामं आटोपली की मोबाईलवर प्रेमकथांचे भाग वाचते. शहरातल्यांपेक्षा लहान गावातल्या गोष्टींत जीव जास्त रमतो. पण आमच्याकडे एखादी पोट्टी एसटी स्टँडवर कुणाशी दोन मिनिटं बोलली, तर संध्याकाळच्या आत घरी खबर पोचते. असलं गाव प्रत्यक्षात नको वाटतं, मग गोष्टीत का आवडतं? आणि मराठीत अशा कादंबऱ्या आहेत का?
— एक वाचक, मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशिम)

उत्तर : ताई, ती संध्याकाळच्या आत पोचणारी खबर आहे ना, तिच्याच जिवावर ही गोष्ट चालते. पुण्या-मुंबईत दोघं चहाला बसली तर शेजारच्या टेबलावरचा मान वर करून बघतही नाही. मग लेखकाला अडथळा बाहेरून आणावा लागतो : गैरसमज, अपघात, नाहीतर परदेशातली नोकरी. अकोला-वाशिम रस्त्यावरच्या गावात तो आयताच मिळतो. बसमध्ये तो तिच्या मागच्या सीटवर बसला, एवढ्यावर एक प्रकरण निघतं. तिच्या तिकिटाचे सुटे पैसे त्याने दिले की दुसरं. कंडक्टर ओळखीचा, पलीकडच्या सीटवरची बाई तिच्या मावशीची शेजारीण. घडतं थोडंच, पण त्या थोड्याला वजन येतं.

अमेरिकेत या प्रकारच्या कादंबऱ्यांचं पीकच आहे. रॉबिन कार यांची ‘व्हर्जिन रिव्हर’ ही मालिका २००७मध्ये सुरू झाली, २०१९पासून ती नेटफ्लिक्सवरही आहे. नवरा गेलेली एक परिचारिका लॉस एंजेलिस सोडून डोंगरातल्या गावात येते. तिथेही सगळं गाव हिच्या भानगडीत नाक खुपसतं. फरक एवढाच, की नाक खुपसणारी तीच माणसं अडीनडीला तिच्या दारात उभी राहतात. मला विचाराल तर खरी ओढ याची आहे. आपल्यावर नजर ठेवणारं गाव आपल्या बाजूचं असतं तर!

ते तसं व्हावं म्हणून लेखक काहीतरी गुपचूप गाळतो. आपल्याकडे लिहिताना जात गाळली जाते. त्या गावात आडनाव विचारणारं कुणी नसतं, काठी घेऊन येणारा चुलतभाऊ नसतो. दिवसभर राबलेल्या बाईला रात्री अर्धा तास असं गाव मिळत असेल तर खुशाल मिळू दे. पण गावाचं नाव आपल्या जिल्ह्यातलं आणि जातीचा पत्ता नाही, असं झालं की माझं तरी वाचनातून मन उडतं. जात ठेवली तर उलट गोष्टच मिळते. आता हेच बघा : वेगळ्या जातींतल्या दोघांना १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. दोघांची नावं, पत्ते, सगळं. येणाऱ्या-जाणाऱ्यातला कोण ती वाचेल आणि कुणाच्या कानावर घालेल, या धास्तीत काढलेल्या महिनाभरात अख्खी कादंबरी मावेल.

मराठीचं म्हणाल, तर वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्यासारख्या लहान गावात शिक्षक होते. ‘उल्का’ (१९३४) ही कादंबरी त्याच काळातली. पण त्यांच्या प्रेमिकांना ध्येयवादाचं ओझंही वाहावं लागतं. पुढे बाबा कदमांची पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांत हातोहात फिरली. तिथे मात्र प्रेमापेक्षा रहस्याला आणि वैराला जास्त जागा. ‘सैराट’ (२०१६) सिनेमा आहे, कादंबरी नाही, तरी त्याचं नाव टाळता येत नाही : त्यातल्या आर्ची-परश्या या प्रेमी जोडप्याला गावातून हैदराबादेपर्यंत पळावं लागतं. अमेरिकेतली नायिका गावात येते, आपली गावातून निसटते. तुम्हाला मात्र न पळता जमणारं प्रेम हवंय, आणि छापील मराठीत ते थोडंच सापडतं. मोबाईलवर ते जास्त भेटतं. ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी (बंगळूरु, २०१४) कुणालाही लिहिता येतं, तिथे भाग उगीच लांबवलेले असतात, पण घरातली बोलणी कानाला खरी लागतात.

एकच पुस्तक हवं असेल तर मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) मागवा. आणीबाणीतलं लहान गाव, नववीचा वर्ग, आणि मुलीला नुसतं बघायला मिळावं म्हणून केलेल्या खटपटी. शेवट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.