लोकांचा नायब कोण नेमतो?

सरकारतर्फे गुन्ह्यांचे खटले चालविणाऱ्या मुख्य अधिकाऱ्यास अरबी भाषेत 'नाइब आम' म्हणतात. ह्यातले दोन्ही शब्द आपणांस परके नाहीत. नायब तहसीलदारातला नायब तोच आणि आमसभेतला आम तोच. सर्व लोकांच्या वतीने न्यायासनापुढे उभा राहणारा, असा त्या पदाचा अर्थ. इंग्रजी अमदानीमुळे आपण त्यास ॲटर्नी जनरल म्हणतो.

ह्या पदाचा अभ्यास आज हाती घेण्यास कारण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत खबादचे तरुण रब्बी झ्वी कोगन यांचा खून झाला. त्यांची स्मृती आशीर्वादित असो. जानेवारी २०२५ मध्ये तेथील ॲटर्नी जनरल डॉ. हमद सैफ अल शम्सी यांनी चौघांवर खटला भरण्याचा आदेश दिला. ३१ मार्च २०२५ रोजी अबू धाबीच्या न्यायालयाने तिघांस मृत्युदंड व चौथ्यास जन्मठेप सांगितली. ज्या देशाने २०२० पर्यंत इस्राएलशी राजकीय संबंध ठेवले नव्हते, त्या देशाच्या नायबाने एका यहुदी माणसाच्या रक्ताचा जाब भर न्यायालयात मागितला. ही गोष्ट लहान नव्हे.

मग त्या नायबास नेमले कोणी? लोकांनी नव्हे. १९७१ च्या राज्यघटनेप्रमाणे मंत्रिमंडळाच्या संमतीने निघालेल्या फर्मानाने त्याची नेमणूक होते. दुबई, अबू धाबी व रास अल खैमा यांची न्यायालये निराळी असल्याने त्यांचे ॲटर्नी जनरलही निराळे आहेत. पण तेथेही मतपेटी नाही. अमिरातीत निवडणूक अगदीच नाही असे मात्र नाही. संघराज्याच्या राष्ट्रीय परिषदेत ४० सभासद असतात. त्यांपैकी २० जणांस सात अमिरातींचे राज्यकर्ते नेमतात व २० जणांस मतदार निवडतात. ही रीत २००६ मध्ये सुरू झाली. तेव्हा मतदारांच्या यादीत सात हजारांहूनही कमी नावे होती, तर २०२३ मध्ये ती सुमारे चार लाखांवर गेली. ही परिषद मुख्यतः सल्ला देणारी आहे. पोटासाठी तेथे गेलेल्या परदेशी माणसांस, आपल्या मराठी मंडळींसह, त्या यादीत जागा नाही. राष्ट्राध्यक्षही निवडूनच येतो, पण मतदार सात, म्हणजे सात राज्यकर्तेच!

अमेरिकेची तऱ्हा अगदी उलट. तेथील ५० राज्यांपैकी ४३ राज्यांत ॲटर्नी जनरल थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो. उमेदवार सभा घेतो, वर्गणी गोळा करतो, आपण किती गुन्हेगारांस तुरुंगात धाडू ते सांगत फिरतो. आपल्या महाराष्ट्रात ह्याच्याशी थोडेफार जुळणारे पद महाधिवक्त्याचे. त्यास राज्यघटनेच्या १६५ व्या कलमाप्रमाणे राज्यपाल नेमतात.

आता तोरा काय सांगते ते पाहू. शेमोथच्या अठराव्या अध्यायात यिथ्रो आपल्या जावयास सल्ला देतो की देवास भिणारे, सत्यप्रिय, लाचेचा तिटकारा असणारे पुरुष तू शोधून काढ. तेथे निवड मोशे रब्बेनू करतात. देवारीमच्या पहिल्या अध्यायात तीच हकीकत स्वतः मोशे सांगतात, तेव्हा ते म्हणतात की माणसे तुम्ही पुढे करा, मी त्यांस तुमच्यावर नेमीन. एकाच नेमणुकीचे हे दोन वृत्तांत. ह्यात विसंगती आहे असे आम्हांस वाटत नाही. एकाच कामाचे हे दोन अर्धे भाग आहेत. बेराखोथ मसेखेथमध्ये (पान ५५) रब्बी यित्स्हाक ह्याच मुद्द्यावर शिकवितात. बसालेल मंडप उभारण्यास योग्य आहे काय, असे देव मोशेस विचारतो. तुला योग्य वाटला तर मला का वाटू नये, असे मोशे उत्तर देतात. तरीही देव सांगतो की जा, लोकांस विचार. समाजावर कारभारी नेमावयाचा तर समाजास विचारल्याविना नेमू नये, हा रब्बींचा निष्कर्ष. खुद्द देवाने निवडलेल्या माणसाबद्दल जर लोकांस विचारावयाचे, तर मंत्रिमंडळाच्या माणसाबद्दल का नको?

परंतु केवळ मते मोजून भागत नाही. शोफेतीम पराशेत न्यायाधीश नेमण्याची आज्ञा एका वचनात उरकते, आणि लागलीच पुढच्या वचनात न्याय वाकवू नको, तोंड पाहून निवाडा करू नको, लाच घेऊ नको असे तीन निषेध येतात. निवडून येणाऱ्यास वर्गणी देणाऱ्याचे तोंड दिसते, नेमलेल्यास धन्याचे.

आपल्या कोकणातल्या समाजास हा पेच ठाऊक होता. परंपरा सांगते की दावीद रहाबींनी तीन माणसे शिकवून तयार केली व त्यांस काजी केले. पुढे काजीपण घराण्यात चालले. मशिदीत मात्र मुकादम, चौगुला, गबाय असे मानकरी होते, आणि कालांतराने मंडळींच्या मतांवर विश्वस्त निवडण्याची रीत आली. काजी व मुकादम हेही अरबी शब्द, नायबासारखेच.

इस्राएलात मंत्रिमंडळच सरकारच्या कायदे सल्लागाराची नेमणूक करते, आणि सरकारी खटल्यांचे प्रमुखपदही त्याच व्यक्तीकडे असते. २००० सालापासून सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील समिती आधी नावे पाहते. २०२२ मध्ये ह्या पदावर प्रथमच एक स्त्री, गाली बहराव-मिआरा, आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांस दूर करण्याचा ठराव केला व उच्च न्यायालयाने तो रोखला. नेमणारा हात काढूही शकतो काय, हा प्रश्न शेमोथ व देवारीमच्या त्या दोन अध्यायांत आलेला नाही. एलुलमध्ये शोफेतीम वाचली जाईल, तेव्हा ते दोन्ही अध्याय शेजारी उघडून वाचकांनी घरी मुलांसह पाहावे. पदावरून दूर करण्याविषयी रब्बींचे एखादे वचन कोणास ठाऊक असल्यास आम्हांस अवश्य कळवावे.